थुंकीने सांधलेली लोकर

पन्नाशीचा मिशीवाला पुरुष सुया घेऊन विणतोय, ह्या चित्राला ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. माझ्या ऑफिसातले हसून झालेत, घाटकोपरच्या आमच्या सोसायटीतले हसून झालेत, आणि माझ्या आईने तर दिवा लावताना देवाकडे माझ्यासाठी थोडी अक्कलही मागून घेतली आहे. मला थायरॉइडचा कॅन्सर झाला. गळा उघडून गाठ काढली, मग रेडिओआयोडीनचा डोस दिला, आणि त्या डोसाच्या खोलीत बसून मी एक जाडजूड काऊल विणला. काऊल म्हणजे टोकं नसलेला मफलर. डोक्यातून घालायचा, गळ्याभोवती बसतो. तुमच्यावर किंवा तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली असेल, तर औषधांचं डॉक्टर सांगतीलच. मी बाकीचं सांगतो.

चांगला कॅन्सर

गाठ दाढी करताना हाताला लागली. महिनाभर मी ती सर्दीच्या नावावर ढकलली. मग सुई घालून तपासणी झाली आणि मुलुंडच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून मान वर केली.

"हे बघा, कॅन्सर आहे. पण घाबरू नका, त्यातल्या त्यात चांगला आहे."

मी एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर काम करतो. निम्मं आयुष्य लोकांची डिस्चार्ज कार्डं वाचण्यात गेलं. 'चांगला' असा शेरा कुठल्याच कार्डावर कधी वाचला नव्हता. मला इतका राग आला की भीती वाटायची राहूनच गेली. ती नंतर आली, रिक्षात, सुचिताने माझं मनगट धरलं तेव्हा. सुचिता माझी बायको. ती रस्त्यात हात धरणाऱ्यातली नाही.

घरी तन्वी होती, आमची एकुलती एक. तिला स्कॉटलंडला समुद्रशास्त्राच्या एमएस्सीला प्रवेश मिळाला होता, सप्टेंबरात जायचं होतं. पलंगावर नवी बॅग उघडी पडलेली आणि तिच्यात थर्मलचे कपडे. आम्ही दोघं दारातून आत आलो तेव्हाच तिला कळलं. ती आत गेली आणि बॅगेतले कपडे काढून कपाटात लावायला लागली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"मी पुढच्या वर्षी जाईन, बाबा. डिफर करता येतं."

"कशाला?"

"कशाला काय कशाला? तुला असं सोडून जाऊ?"

माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत लागले आणि आई त्यांच्यामागून बोटीने मुंबईत आली, पण तिची भाषा अजून बोटीतून उतरलेली नाही. ती म्हणाली, "शाणा चेडू असा ता. बापूस आजारी असताना जातला खंय?"

सुचिता काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं कुठल्या बाजूचं आहे ते मला त्या दिवशी कळलं नाही.

मरायची भीती मला होती, खोटं कशाला सांगू. पण तिच्याहून मोठी भीती वेगळी होती. माझ्या गळ्यातल्या गाठीपायी ही पोर घरी बसेल, पुढचं वर्ष म्हणता म्हणता ते राहूनच जाईल, आणि आमच्यापैकी कुणी आयुष्यभर ते बोलून दाखवणार नाही. मी तेव्हाच ठरवलं, कॅन्सर माझा आहे, तो मी तिला वाटून देणार नाही.

गळा आणि सल्ले

ऑपरेशन व्यवस्थित झालं. जागा झालो तेव्हा गळ्यावर पट्टी होती आणि आवाजाची वाट लागली होती. फुटक्या भोंग्यातून यावा तसा आवाज यायचा. वॉर्डात पहाटे रक्त घ्यायला यायचे, मग चहा, मग साफसफाई, मग डॉक्टरांची फेरी, जी कधी येणार ते कुणालाच माहीत नसायचं. आमच्या वॉर्डातल्या एक मावशी मला पहिल्या दिवसापासून चहा बशीत ओतून द्यायच्या, कारण मान वर करून कप तोंडाला लावता येत नव्हता. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर नातेवाईक आले. कारल्याचा रस, कुणाच्या तरी ओळखीचे वैद्य, 'पॉझिटिव्ह राहा'. एका आत्याने दोन स्कार्फ आणून सुचिताच्या हातात ठेवले.

"अगं, हे मला कशाला?" सुचिता म्हणाली.

"तुला नाही, त्याला. बाहेर जाताना गळ्याला गुंडाळेल. लोकांना दिसायला नको."

मी त्या फुटक्या आवाजात सांगितलं, "आत्या, गळा कापलाय माझा, नाक नाही." दुसऱ्या दिवशी बिनकॉलरचा टीशर्ट घालून दूध आणायला गेलो. लिफ्टमध्ये लोक माझ्या गळ्याकडे बघायचे आणि मग वर आकड्यांकडे बघायचे. मला त्याची मजा वाटायला लागली.

खरी शिक्षा पुढे होती. आयोडीनच्या डोसाआधी काही आठवडे जेवणात आयोडीन टाळायचं. नेहमीचं मीठ बंद, दूध बंद आणि समुद्राचे मासे बंद. मालवणी घरात ही बातमी ऑपरेशनपेक्षा वाईट ठरली. आईने घरात मासळी आणणंच थांबवलं. "झील खाणा नाय तर माका कित्याक व्हया?" म्हणाली, झील म्हणजे मी, आणि रोज पानात दुधी वाढून रोज त्या दुधीला शिव्या घातल्या.

उरलेली लोकर

डोसाच्या आदल्या आठवड्यात हॉस्पिटलातल्या सिस्टरने समजावून सांगितलं. औषध पोटात गेल्यावर काही दिवस मीच किरणोत्सर्गी होणार. खोलीत एकटं राहायचं, कुणी भेटायला येणार नाही. "घामातून, लघवीतून आणि थुंकीतून ते बाहेर येतं. आत आणलेली वस्तू तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही, अडकूनही पडेल. गेली तरी चालेल असंच सामान आणा." मी मान डोलावली. क्लेमच्या अटी वाचल्या नाहीत म्हणून मी लोकांना वर्षानुवर्षं सुनावलंय. त्या दिवशी ऐकलेलं मात्र ह्या कानाने घेतलं आणि त्या कानाने सोडलं.

गेलं तरी चालेल असं काय न्यायचं? सुचिता घरी विणकामाच्या ऑर्डरी घेते. मुंबईत लोकर कोण घालणार असं वाटत असेल तर ऐका. आमच्या भागातून दरवर्षी कितीतरी मुलं थंड देशांत शिकायला जातात आणि त्यांच्या आया टोप्या, स्वेटर सुचिताकडून करून घेतात. ती खरीच लोकर वापरते, बर्फात दुसरं काही टिकत नाही म्हणते. पलंगाखाली तिची उरलेल्या लोकरीच्या गुंड्यांची पिशवी असते. कुणाच्या टोपीचा लाल, कुणाच्या स्वेटरचा राखाडी, कुणाचा कसलासा हिरवा.

"मला विणायला शिकव," मी म्हणालो.

"तुला?"

"मग तिथे भिंतीशी बोलत बसू? आणि तन्वीसाठीच करतो काहीतरी. थंडीत घालेल."

सुचिताने माझ्याकडे पाहिलं. "ती जाणार नाही म्हणतेय."

"जाणार. म्हणून तर विणतोय."

ती उठून पिशवी घेऊन आली. तिचं न बोलणं कुठल्या बाजूचं होतं ते मला तेव्हा कळलं.

नवख्या माणसासाठी पद्धत सोपी आहे. उरलेल्या लोकरीचे एकाच रंगाचे चार धागे एकत्र धरायचे, म्हणजे आपोआप जाड धागा होतो. सुयाही जाड घ्यायच्या, करंगळीएवढ्या. वीतभर रुंदी येईल इतके टाके घालायचे आणि जाताना सुलट, येताना सुलट. उलट टाक्याच्या नादी लागायचंच नाही. डोक्यातून सहज जाईल एवढी पट्टी झाली की टाके बंद करायचे आणि दोन्ही टोकं एकमेकांना शिवून टाकायची. रंग जुळवत बसू नका, एक संपला की हाताला येईल तो पुढचा. टाके मात्र ओळीगणिक मोजा, नाहीतर कडेला नको ते टाके वाढतात आणि पट्टी फताडी होत जाते. आणि आवळू नका. माणूस घाबरलेला असला की हात आवळतो, मग सुई टाक्यात शिरत नाही. माझी पहिली पट्टी सुचिताला कात्रीने कापावी लागली.

उरलेली लोकर म्हणजे सतत जोड.

"गाठ मारायची नाही," तिने सांगितलं. "गळ्याला टोचते. दोन्ही टोकं पिंजायची, थुंकी लावायची आणि तळहातांत जोरात चोळायचं. खरी लोकर असली की एकजीव होते."

"थुंकी?"

"पाण्यानेही होतं. थुंकीने पटकन होतं. मी इतकी वर्षं तेच करते."

"म्हणजे त्या सगळ्या पोरांच्या गळ्यात तुझी थुंकी?"

"धुऊन देते रे."

खोली

कॅप्सूल शिशाच्या जाड डबीतून आली. चष्मा लावलेल्या माणसाने ती लांब चिमट्याने पुढे केली, मी गिळली आणि सगळे भराभर दाराबाहेर गेले. साधी कॅप्सूल, चव नाही, वास नाही. दार लागल्यावर मात्र रडू आलं. मी ते येऊ दिलं, कारण बघायला कुणी नव्हतं आणि आत यायला कुणाला परवानगीही नव्हती.

फोन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, रिमोट प्लॅस्टिकमध्ये. जेवण दाराशी स्टुलावर ठेवून बेल वाजवायचे. पाणी भरपूर प्यायचं आणि लिंबाच्या फोडी चघळायच्या, म्हणजे लाळ सुटत राहते आणि गालाजवळच्या ग्रंथी खराब होत नाहीत. एसी इतका गार की मी दोन चादरी अंगावर घेऊन पलंगावर मांडी घालून विणायचो. तोंडात लिंबू, हातात सुया. भीती जात नाही, पण ओळ संपेपर्यंत तिला थांबावं लागतं.

रोज संध्याकाळी तन्वीचा व्हिडिओ कॉल यायचा. मी पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली.

"बाबा, हे काय, पायपुसणं?"

"काऊल आहे. तुझ्यासाठी."

"मी युनिव्हर्सिटीला पुढच्या वर्षी येते म्हणून मेल लिहून ठेवलाय. उद्या-परवा पाठवणार."

"पाठव. मग हा तू घाटकोपरला भर दुपारी घालून फिरायचं, रोज. मी गॅलरीतून बघीन."

"तू ना यार..." तिने फोन सुचिताकडे दिला.

पण मेल पाठवला नाही. मी रोज विचारायचो आणि ती रोज "अजून नाही" म्हणायची. त्या 'अजून नाही'वर मी पट्टी पुरी केली, टोकं शिवली आणि डोक्यात घालून बघितली. कडा वाकड्या होत्या, एका जागी भोक होतं, पण गळ्याला कुठे काही टोचत नव्हतं. एकही गाठ नव्हती त्यात. प्रत्येक जोड मी मन लावून केला होता.

मीटर

घरी सोडायच्या दिवशी किरणोत्सर्ग तपासणाऱ्या मॅडम आल्या. तरुण मुलगी, हातात मीटर. मला लांब उभं करून तपासलं. "काका, तुम्ही झकास. आता सामान." फोन पास, चष्मा पास. मग तिने काऊलवर मीटर धरला आणि तो जो बोंबलायला लागला.

"हे काय आहे?"

"काऊल."

"ते दिसतंय. पण असा का ओरडतोय? तुमची उशीसुद्धा एवढी नाही ओरडली."

तिने मीटर हळूहळू पुढे सरकवला. लाल रंगावर जरा शांत, लाल संपून राखाडी सुरू होतो तिथे बोंब. राखाडीवर शांत, हिरव्याच्या तोंडाशी परत बोंब. तिसऱ्या बोंबेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मॅडम, तिथे जोड आहेत."

"मग?"

"थुंकी लावून केलेत."

तिने मीटर खाली घेतला. "काका, थुंकीचं सांगितलं होतं ना सिस्टरने?"

"सांगितलं होतं."

"आणि तरी?"

"लिंबू चघळत होतो. भरपूर होती."

ती मास्कच्या आत हसली, मग मलाही हसू आवरेना. ऑपरेशननंतर पहिल्यांदा पोटातून हसलो. पण तिने पिशवी काढली आणि काऊल तिच्यात टाकला तेव्हा माझं हसू गेलं. तो आता स्टोअरमध्ये राहणार, दिवाळी होऊन जाईपर्यंत तरी. शांत झाला की मग बघू, म्हणाली.

"मॅडम, माझ्या मुलीसाठी आहे तो. ती सप्टेंबरात परदेशी चाललीये."

"मुलीसाठी आहे? मग तर अजिबात देणार नाही."

मी वाद घालायला तोंड उघडलं होतं. मिटलं. ती बरोबर बोलत होती आणि तिने माझ्यापेक्षा माझ्या मुलीची जास्त काळजी घेतली होती. मी रिकाम्या हाताने घरी आलो.

ठिपका

नंतरच्या स्कॅनमध्ये मानेत एक बारीक ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, तिथे थोडा कॅन्सर उरलाय, पण औषध पोचलंय, काम करेल. फेब्रुवारीत पुन्हा बघू, लागलंच तर दुसरा डोस. बाहेर येऊन मी आणि सुचिता हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलो.

"तन्वीला आत्ता सांगू नकोस," ती म्हणाली. "जाऊ दे तिला. मग सांगू."

"विमानात बसवून मग सांगायचं? पुढे ती आपल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवेल?"

"आणि सांगितलंस तर जाईल ती?"

"तो तिचा प्रश्न आहे."

"तुझं सगळं शूरपणाचं असतं रे," सुचिता चिडून म्हणाली. "तू फटकन बोलून मोकळा होतोस. तू झोपलास की तुझा श्वास चालू आहे का ते मी बघते. माहितीये तुला?"

मला माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांखाली काय झालं होतं ते मी त्या पायरीवर पहिल्यांदा नीट पाहिलं. आजारी माणसाला आपल्या आजारापुढे घरातलं दुसरं कुणी दिसत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. आम्ही बराच वेळ तिथेच बसलो. शेवटी तीच म्हणाली, "सांग. पण मी समोर असताना सांग."

जेवायच्या टेबलावर सांगितलं. तन्वीने रिपोर्ट हातात घेतला, वाचला, परत वाचला.

"आणि तरी तू म्हणतोस जा?"

"ठिपका माझ्या मानेत आहे. तुझ्या पासपोर्टवर नाही."

"डायलॉग मारू नकोस, बाबा." ती रडत होती आणि ओरडत होती. "तुला काही झालं आणि मी तिथे असले तर?"

ह्यावर माझ्याकडे डायलॉग नव्हता. "तर तू येशील," मी म्हणालो. "कदाचित वेळेवर पोचणार नाहीस. मलाही ह्याचीच भीती वाटते. पण तू इथे बसून माझ्या गळ्याकडे बघत राहिलीस तर मी रोज थोडा थोडा मरेन, गं. ते मला जमणार नाही."

आई देवघरापाशी बसून ऐकत होती. ती उठली, तन्वीच्या खोलीत गेली, आणि कपाटातले थर्मलचे कपडे काढून बॅगेशेजारी आणून ठेवले. घड्या मोडल्या होत्या, त्या परत घातल्या.

तन्वी गेली. विमानतळावर तिला मिठी मारायची डॉक्टरांची परवानगी होती, ती मी पुरेपूर वापरली.

फोन

दिवाळीनंतर हॉस्पिटलातून फोन आला. मी गेलो. त्याच मॅडमने पिशवी उघडली, काऊल टेबलावर पसरला आणि प्रत्येक जोडावर मीटर धरला. तो गप्प राहिला. "घ्या, काका. आता धुवा मात्र," म्हणाली. सुचिताने कोमट पाण्यात तो दोनदा धुतला आणि कडा ओढून ओढून सरळ केल्या. भोक तिने तसंच ठेवलं.

रविवारी तन्वीचा कॉल आला. तिच्या खिडकीबाहेर दुपारीच अंधार पडलेला. मी काऊल कॅमेऱ्यासमोर धरला. "सुटला बघ. उद्या कुरिअर करतो, आठवड्यात पोचेल."

तिने तो नीट बघितला. "नको पाठवूस."

"का गं? थंडी आहे ना तिथे?"

"आहे. इथे विकत घेतलाय एक." मग जरा थांबून म्हणाली, "तू ठेव. मी मे महिन्यात येणार आहे, तेव्हा तुझ्या हातून घेईन."

"मे महिन्यात? तोवर थंडी संपेल की."

"पुढच्या हिवाळ्यात घालीन."

फेब्रुवारीचा स्कॅन तिलाही माहीत होता आणि मलाही. सुचिता माझ्या शेजारी उभी होती, तिने टेबलावरचा पेला उचलला आणि तसाच परत ठेवला.

"बाबा," तन्वी म्हणाली, "मे महिन्यात असशील ना तू?"

मी विमा कंपनीतला माणूस. एवढ्या नोकरीत असली हमी मी कुणालाही दिलेली नाही.

"असणार," मी म्हणालो.